लोकांचा राग: माहितीपत्रकातला आणि गिरणगावातला

मंडळी, या मालिकेत आपण एरवी नाटकं, कादंबऱ्या वाचतो. आज असा एक मजकूर वाचायला घेऊ, जो कुणी फारसं वाचू नये असं लिहिणाऱ्यालाच वाटत असतं. एखादी कंपनी पहिल्यांदा शेअर बाजारात उतरते तेव्हा ती सेबीकडे एक मसुदा दाखल करते. बाजारात त्याला डीआरएचपी म्हणतात. चारपाचशे पानं सहज भरतात. त्यात एक प्रकरण असतं, 'जोखमीचे घटक'. आपला धंदा कशाकशानं बुडू शकतो याची कंपनीनंच केलेली यादी. परकीय चलन, दोनचार मोठ्या गिऱ्हाइकांवरचं अवलंबित्व, प्रवर्तकांवरचे खटले, सगळं त्यात येतं. तुमच्यापैकी मोबाइलवरून आयपीओला अर्ज कुणी कुणी केलाय? हात वर करा. आता ज्यांनी हे प्रकरण वाचलंय त्यांनीच हात वर ठेवा. (हशा)

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, कंपन्यांमुळे या यादीत एक नवी नोंद पक्की होत चालली आहे: लोकांचा राग. सुरुवात मोठ्यांनी केली. मायक्रोसॉफ्टनं 2018 च्या वार्षिक अहवालात सांगितलं की आमच्या एआयमध्ये दोष किंवा पक्षपात निघाला तर आमच्या नावाला धक्का बसू शकतो. गूगलची मालक असलेल्या अल्फाबेटनं काही महिन्यांत त्याच चालीची नोंद केली. या दोन्ही कंपन्या आधीपासून बाजारात होत्या. आता नव्यानं उतरणाऱ्यांची पाळी आहे. आपल्या मुंबईच्याच फ्रॅक्टल ॲनालिटिक्सनं ऑगस्ट 2025 मध्ये सेबीकडे मसुदा दाखल केला. एआय हाच मुख्य धंदा असलेली कंपनी आपल्या बाजारात येण्याची ही सुरुवात आहे.

मला या नोंदीची भाषा तपासायची आहे. साच्यातलं वाक्य साधारण असं असतं, कुठल्या एका कंपनीचं म्हणून मी ते सांगत नाही: 'कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल समाजात नकारात्मक भावना निर्माण झाल्यास आमच्या व्यवसायावर विपरीत परिणाम होऊ शकतो.' यात भावना 'निर्माण होते'. कोण निर्माण करतं? कुणीच नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण होतो, तशी. कर्ता गायब, आणि ज्यांना राग आला तेही गायब. 'समाजात' एवढाच त्यांचा पत्ता. परिणाम मात्र कुणावर होतो ते नीट लिहिलेलं असतं. आमच्या व्यवसायावर.

असं लिहिण्यामागे कायद्याचं कारण आहे. माहितीपत्रकात खोटं लिहिलं किंवा महत्त्वाचं लपवलं तर 2013 च्या कंपनी कायद्याची 34 आणि 35 ही कलमं लागतात, एक फौजदारी, दुसरं दिवाणी. म्हणून वकील सांगतात की सुचेल ते सगळं लिहून टाका. एकदा लिहिलं की हात वर करायला मोकळे. त्यामुळे या प्रकरणाला कबुलीजबाब समजू नका. ती ढाल आहे. तरी कधी कधी ढालीलाच भोक पडतं. उबरनं 2019 मध्ये बाजारात उतरताना लिहिलं होतं की नफा सुधारण्यासाठी आम्ही चालकांची प्रोत्साहनं कमी करू पाहतोय, त्यामुळे चालकांची नाराजी एकंदरीत वाढेल अशी आमची अपेक्षा आहे. बघा, इथे कर्ता सापडला. आम्ही पैसे कमी करणार, म्हणून ते चिडणार. समीक्षक म्हणून मला हे वाक्य आवडतं, आणि त्या वेळी उबर चालवणाऱ्या माणसानं ते वाचलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हेही मनात येतं.

आता आपण जिथे बसलोय तिकडे येऊ. परळ. 'साचा' हा शब्द मी मघाशी वापरला, तो इथे बोलताना जपून वापरावा लागतो. गिरणीच्या भाषेत साचा म्हणजे माग. साचेखातं म्हणजे विणकामाचा विभाग. 1928 चा मोठा संप याच साच्यांवरून पेटला. ससून यांच्या गिरण्यांत 'कार्यक्षमता' नावाची योजना आली. विणकरानं दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, कताईवाल्यानं एकाऐवजी दोन बाजू. उरलेली माणसं घरी. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. शेवटी सरकारला फॉसेट समिती नेमावी लागली आणि मालकांच्या योजनेची जाहीर उलटतपासणी झाली.

त्या काळी मुंबईच्या बहुतेक गिरण्या भागभांडवलाच्या कंपन्या होत्या. 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली गिरणी काढली तीही समभाग विकूनच. म्हणजे बाजारात नोंदलेली कंपनी, श्रम वाचवणारं नवं तंत्र आणि रस्त्यावरचा राग हे त्रिकूट सिलिकॉन व्हॅलीत जन्मलेलं नाही. आपल्या आजे-पणज्यांनी ते पाहिलं आहे.

त्या वेळी राग टिकला तो मनाच्या बळावर नव्हे, उधारीवर. वाणी महिनोन्‌महिने उधार देत होता. खाणावळवाली बाई जेवू घालत होती. गावकीच्या गाळ्यात पथारी पसरायला जागा होती, आणि अगदीच नाही जमलं तर कोकणात किंवा घाटावर घर होतं. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावाचा अभ्यास करताना नेमका यावर बोट ठेवलं: संपाची ताकद गिरणीच्या फाटकाबाहेर, वस्तीत होती. कंपन्यांच्या भाषेत 'लोकभावना' म्हणजे समाजमाध्यमांवरचा आलेख. गिरणगावात ती वाण्याच्या वहीत लिहिलेली होती.

पण 1928 चं उदाहरण देऊन 'बघा, राग आला की भांडवल झुकतं' असं म्हणून मी थांबलो तर ती लबाडी होईल. पुढचं पान 1982 चं आहे. 18 जानेवारी 1982. सुमारे अडीच लाख कामगार, साठेक गिरण्या, नेते डॉ. दत्ता सामंत. मागण्या पगाराच्या, बोनसच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या. आणि एक मागणी जी बाहेरच्यांना आजही कळत नाही: आमच्या वतीनं बोलायचं कुणी, हे आम्हाला ठरवू द्या. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना. ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार एकीकडे आणि कायद्याला ऐकू येणारा आवाज दुसरीकडे. राग होता, भला थोरला होता, पण तो ज्या दारातून आत जायचा ते दार कायद्यानं दुसऱ्याच्या ताब्यात दिलेलं.

मालकांचं काय झालं? संप सुरू झाला तेव्हा गोदामांत माल पडून होता. कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर निघत राहिलं. 1983 मध्ये तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन सरकारनं घेतलं. संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. पुढे 1991 मध्ये विकास नियमावलीतला नियम 58 आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 मध्ये बदल झाला: वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, बांधकामाखालची सोडून. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल मान्य केला. खाली सेनापती बापट मार्गावर जा. द फिनिक्स मिल्स लिमिटेड ही कंपनी 1905 पासूनची, आजही शेअर बाजारात आहे. नावात 'मिल्स' आहे. कापसाचा धागाही निघत नाही, मॉल आहेत.

म्हणजे 1982 साली एखाद्या गिरणीनं जोखमीचं प्रकरण लिहिलं असतं आणि त्यात 'कामगारांचा असंतोष' असं नोंदवलं असतं, तर पुढच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबात ती नोंद चुकीची ठरली असती. असंतोषाची किंमत असंतुष्टांनीच मोजली. ती कशी मोजली ते जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये आहे. एक खोली, एक आई, लेखक होऊ पाहणारा एक मुलगा, टोळीकडे ओढला गेलेला दुसरा. ज्या काळात गिरण्यांच्या जमिनींचे नवे हिशेब मांडले जात होते, त्याच काळातली ही खोली आहे. माहितीपत्रकाच्या लेखकाला ती दिसत नाही, कारण त्याच्या यादीत 'आमच्यामुळे कुणाला काय जोखीम' असं प्रकरणच नसतं. दोन्ही मजकूर एकाच गोष्टीबद्दल आहेत. एकात माणसं आहेत.

आता आजच्या कंपन्यांकडे. फ्रॅक्टलसारख्या कंपनीचं गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या मोठ्या कंपन्या. तुम्ही-आम्ही तिचं दुकान ओलांडत नाही. मग तिच्यावर लोक रागावणार कसे? बहिष्कार कशावर घालणार? कुठल्या तरी बँकेत, विमा कंपनीत किंवा साबणाच्या कंपनीत एखाद्या मुलीचं काम निम्मं होईल आणि तिला कळणारही नाही की ते कुणाच्या सॉफ्टवेअरमुळे झालं. तिच्या रागाला नाव नसेल. एआय विकणाऱ्या कंपनीची खरी सुरक्षितता इथे आहे, आणि माहितीपत्रकात ती कधी 'बलस्थान' म्हणून छापली जात नाही. (हशा)

जुलै 2025 मध्ये टीसीएसनं जाहीर केलं की सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार. कंपनी म्हणाली की हे एआयमुळे नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही म्हणून. असेलही. पण दादर-गिरगावातल्या घरांत त्या आठवड्यात काय बोलणं झालं असेल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. ज्यांचे आजोबा साचेखात्यात होते अशांची नातवंडंही त्या उद्योगात आहेत. त्यांच्यापाशी प्रातिनिधिक संघटना नाही आणि उधारीचा वाणीही नाही. गृहकर्जाचा हप्ता आहे.

मधल्या काळातलं एक उदाहरण धावतं सांगतो, खरं तर त्यावर वेगळं व्याख्यान हवं. बँकांत यंत्रं आली तेव्हा संघटनांनी विरोध केला आणि सप्टेंबर 1983 मध्ये त्याचा करार झाला. यंत्रं किती, कुठे, कोणत्या कामाला, हे लिहून ठरलं. अमेरिकेत 2023 मध्ये पटकथालेखकांनी 148 दिवस संप करून एआयबद्दल अटी लिहून घेतल्या. रागाचं रूपांतर कलमांत झालं की गुंतवणूकदारालाही काही मोजता येतं. 'नकारात्मक भावना' मोजता येत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: संपामुळेच गिरण्या बुडाल्या, हे मग खोटं का?)

हा प्रश्न दादरला प्रत्येक वेळी येतो. अर्धं खरं आहे. संपानं घाई केली. पण जुनी यंत्रं वर्षानुवर्षं न बदलणं, यंत्रमागांना स्वस्तात काम देणं, जमिनीचे चढते भाव, हे संपाच्या आधीपासूनचं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या लोकांच्या आठवणी पुस्तकात गोळा केल्या आहेत, त्या वाचा. संपाचं कौतुक करणारे आहेत, संपाला शिव्या घालणारेही आहेत. आणि लक्षात घ्या, तो राग अजून संपलेला नाही. जुलै 2025 मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात होते, शेलू-वांगणीला नको, मुंबईत घर द्या म्हणून. तिथून शेअर बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. महिन्याभरात फ्रॅक्टलचा मसुदा दाखल झाला. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं कुणाला वाटलंही नाही.

(प्रश्न: मग आम्ही माहितीपत्रकात बघायचं काय?)

'लोकभावना' हा परिच्छेद सोडून द्या. गिऱ्हाईक कोण आहे ते बघा, आणि त्या गिऱ्हाइकाला विकलं काय जातंय: जास्त विक्री, की कमी माणसं? धंद्याच्या वर्णनात ते अभिमानानं लिहिलेलं असतं. आणि शेअर नोंदला गेल्यावर, कंपनी मोठी असेल तर आणखी एक कागद निघतो. बाजारमूल्यानं पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून व्यवसाय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा आहे. त्यात तक्रारींचा एक तक्ता असतो. भागधारकांच्या तक्रारी, कर्मचाऱ्यांच्या, ग्राहकांच्या, पुरवठादारांच्या, आसपासच्या वस्तीच्या. गिऱ्हाईक कंपनीत जिचं काम निम्मं झालं ती मुलगी यापैकी कुठल्याच ओळीत बसत नाही. शेवटी एक ओळ असते, 'इतर'. त्या ओळीत काय लिहिलंय ते बघा, आणि शून्य असेल तर तक्रार करायची जागा तिला कुणी दाखवली होती का, हे कंपनीच्या वार्षिक सभेत विचारा. एक शेअर असला तरी प्रश्न विचारता येतो.