अर्धवटराव आणि आजचा प्रेक्षक

उन्हाळ्याच्या सुटीत श्रीरामपूर तालुक्यातील एका धर्मग्रामात मुलांचे शिबिर भरले होते. समारोपाला बोलक्या बाहुल्याचा खेळ ठेवलेला होता. खेळ करणारा तरुण हौशी होता आणि त्याच्या मांडीवरचा बाहुला मुलांना चौथी आज्ञा समजावून सांगत होता. आईवडिलांचा मान राखावा, मोबाइल बाजूला ठेवावा, वेळेवर अभ्यास करावा. पाच-सात मिनिटांत मागच्या रांगांत कुजबूज सुरू झाली. इतक्यात त्या तरुणाला पुढचे वाक्यच आठवेना. तो गोंधळला आणि वेळ मारून नेण्यासाठी बाहुल्याच्या तोंडून बोलून गेला, "याला काही येत नाही. घरी मीच याची शिकवणी घेतो." सभागृह एकदम जागे झाले. पहिल्या रांगेतल्या धर्मभगिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुढची दोन-तीन मिनिटे खेळ खरोखर रंगला. मग त्या तरुणाला पाठ केलेले वाक्य आठवले, बाहुला पुन्हा उपदेश करू लागला आणि कुजबूजही परत आली.

कार्यक्रमानंतर चहा घेताना एका शिक्षकांनी निकाल देऊन टाकला : "बाहुल्यांचा जमाना गेला. आजच्या मुलांना हे आवडत नाही." हा निकाल मला पटला नाही. मात्र तो खोडून काढायचा तर बोलक्या बाहुल्यांच्या मराठी परंपरेतील मूळ पुरुषाकडे, म्हणजे अर्धवटरावांकडे, जायला हवे.

यशवंत केशव पाध्ये यांनी घडवलेल्या या बाहुल्याने वयाची शंभरी केव्हाच ओलांडली आहे. १९६७ पासून त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी त्याला रंगमंचावर आणले. पुढे अपर्णा पाध्ये आणि सत्यजित व परीक्षित ही मुलेही या कलेत उतरली. अर्धवटरावांना आवडाबाईंची जोड मिळाली. एकच पात्र, एकच घराणे आणि इतका दीर्घ काळ! मराठी रंगभूमीवर असे उदाहरण शोधावे लागेल. मुंबई दूरदर्शन सुरू झाले १९७२ साली. म्हणजे अर्धवटरावांनी आपला पहिला प्रेक्षक पडद्याच्या मदतीशिवाय, समोरासमोर मिळवला होता.

या कलेला आपण 'शब्दभ्रम' म्हणतो. भ्रम हाच तिचा प्राण आहे, अशी समजूत त्या शब्दातच आहे. ओठ न हलवता बोलण्याचे कसब अर्थातच लहान नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. तिथे कलावंताला जिभेने चकवा द्यावा लागतो, जवळचा दुसरा ध्वनी काढून ऐकणाऱ्याच्या कानाला मूळ अक्षर भासवावे लागते. मौज अशी, की 'अर्धवटराव' या नावात या पाचांपैकी एकही अक्षर नाही. 'तात्या विंचू' या नावातही नाही. हे ठरवून झाले असे मी म्हणत नाही, पण बाहुल्याला स्वतःचे नाव तरी सुखाने सांगता येते. उलट आमच्या धर्मशिक्षणाचा शब्दसंग्रह पाहा : पाप, बाप्तिस्मा, परमेश्वर, प्रभू, पवित्र मरिया, पोप! आमच्या त्या हौशी तरुणाने सर्वांत अवघड पाठ निवडला होता, याची कल्पना बहुधा त्यालाही नसावी.

परंतु भ्रमाचे मोल आज उतरले आहे, हे मान्य केले पाहिजे. शरीर एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, हा अनुभव पाध्ये पिता-पुत्रांच्या सुरुवातीच्या प्रेक्षकाला विस्मयाचा होता. आजच्या मुलाच्या घरात भिंतीवरचा पडदा बोलतो, खिशातले यंत्र बोलते, वाघ-सिंह मराठीत डब होऊन बोलतात आणि माणसाचा हुबेहूब आवाज यंत्राकडून तयार करून घेता येतो. त्यातून दूरचित्रवाणीवर सगळेच आवाज एकाच ठिकाणाहून येतात. तेव्हा आवाज बाहुल्याकडून आला की माणसाकडून, हा प्रश्न तिथे उरतच नाही. उलट कॅमेरा जवळ गेला की प्रेक्षक कलावंताच्या ओठांवर पहारा करू लागतो. पडद्यावर ही कला मला नेहमीच थोडी पोरकी वाटत आली आहे. तिचे घर सभागृह, फार तर मांडव. तिथे नजर आपोआप हलणाऱ्या जबड्याकडे जाते आणि कान तिच्यामागून जातो.

मग भ्रम वजा केल्यावर काय उरते? उरतो तो दोघांमधला संवाद. एक शहाणा, सभ्य, घडी घातलेल्या कपड्यांतला माणूस आणि त्याच्याच हातावर बसून त्याची फजिती करणारा एक 'अर्धवट'. माणसाला जे बोलण्याची सोय नाही ते बाहुला बोलतो. आणि बोलविता धनी कोण हे ठाऊक असूनही आपण राग धरायचा तर बाहुल्यावरच धरतो. ही गंमत आपल्या नगर जिल्ह्याला, आता अहिल्यानगरला, परकी नाही. संगमनेरकडचा तमाशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सोंगाड्या आठवेल. पाटलाला, सावकाराला भर मांडवात टोला हाणण्याची मुभा त्याला होती आणि टोला बसलेला पाटीलच सर्वांत मोठ्याने हसत असे. दारी येणारा नंदीबैलवालाही आठवावा. पाऊस पडेल का, असे तो बैलाला विचारतो आणि बैल मान हलवतो. दोरी कुणाच्या हातात आहे हे पोरासोरांनाही कळते, तरी प्रश्न बैलालाच विचारला जातो. प्रेक्षक फसतो म्हणून या खेळात रमत नाही. फसायला तो स्वतःहून राजी होतो. ही राजीखुशी तंत्रज्ञानाने जुनी होत नाही.

तात्या विंचूचे प्रकरण मात्र वेगळे आहे. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटातील हा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला. त्याआधी १९८८ मध्ये आलेल्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटाशी त्याचे नाते उघड आहे. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला गुंड मरताना बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याचे शरीर बळकावू पाहतो. अर्धवटरावांच्या खेळात माणूस आपला श्वास लाकडाला उसना देतो आणि खेळ संपला की परत घेतो. तात्या विंचूच्या कथेत लाकूडच माणसावर हक्क सांगते. एकाच घराण्यातून ही दोन टोके निर्माण व्हावीत, याचे मला अजूनही नवल वाटते. लोकप्रियतेत तात्या पुढे गेला, यात शंका नाही. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' त्रिमितीत आला आणि आजही पोरे त्याची नक्कल करतात. पण ती लोकप्रियता भयाची, आणि आता बरीचशी बालपणाच्या आठवणींची आहे. चित्र ठरलेले आहे. तात्या त्याच जागी तेच वाक्य बोलणार. अर्धवटराव मात्र समोरच्या प्रेक्षकाला उत्तर देऊ शकतात. म्हणून मला ते दीर्घायुषी वाटतात.

या प्रकाराची खरी दुर्बलता संहितेत आहे, बाहुल्यात नाही. आपल्याकडे बोलक्या बाहुल्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे नवरा-बायकोचे तेच विनोद आणि पाहुण्या पुढाऱ्याला काढलेले तेच सौम्य चिमटे आले. बाहुला धीट असावा आणि लेखन भित्रे, हा मेळ कसा बसावा? चांगल्या नाटककाराने या दोघांसाठी वीस मिनिटांचा संवाद लिहिला, तर आजचा प्रेक्षक येणार नाही असे मानायला मला आधार दिसत नाही.

आपल्या धर्मग्रामांत तर दोष अधिकच उघड आहे. आपण बाहुल्याला धर्मशिक्षक करतो. पवित्र शास्त्राने असे केलेले नाही. गणनाच्या पुस्तकात बलामाची गाढवी बोलते, ती मार खाल्ल्यावर. देवदूत तिला दिसतो, द्रष्ट्या म्हणवणाऱ्या धन्याला दिसत नाही. तीन वेळा काठी बसल्यावर ती त्याला विचारते की मी तुझे काय केले. ती प्रवचन करीत नाही, तक्रार करते, आणि धनी निरुत्तर होतो. संत जॉन बॉस्को यांनी बालपणी गावकऱ्यांना दोरीवरच्या कसरती आणि हातचलाखी दाखवली, पण त्याआधी ते जपमाळ म्हणवून घेत आणि सकाळी ऐकलेले प्रवचन पुन्हा सांगत. प्रवचन झाले की मग खेळ, आणि खेळाने खेळच राहायचे. हातरुमालातून निघालेल्या वस्तूला त्यांनी आज्ञा शिकवायला लावल्या नाहीत.

त्या शिबिरातला तरुण नंतर मला भेटला. विसरल्याबद्दल तो ओशाळा होऊन क्षमा मागत होता. त्याने विसरल्यावर जे बोलला ते पुढच्या वेळी लिहूनच काढावे आणि चौथी आज्ञा बाहुल्याकडून मोडून घ्यावी, असे मी त्याला सुचवले. आईचे न ऐकणारा बाहुला मंचावर आला, तर त्याला समजावण्याचे काम मुले स्वतःच आरडाओरडा करून करतील. धर्मगुरूंना हे चालेल का, असे त्याने विचारले. ते जवळच उभे होते. त्यांनी आधी संहिता दाखव म्हणून सांगितले आहे.