बसलेल्यांचा नाच

फ्लामेंको म्हटलं की डोळ्यांपुढे येतो लाल झालरींचा घागरा, केसांतलं फूल आणि लाकडावर तडतडणाऱ्या टाचा. सेव्हिलच्या सांता क्रूझ भागात, एका छोट्या ताब्लाओत, म्हणजे फ्लामेंकोचे खेळ होतात त्या जागेत, मी हा प्रकार पहिल्यांदा समोर बसून पाहिला, तेव्हा सुरुवातीला यातलं काहीच झालं नाही. काळ्या कपड्यांतली चार माणसं आली आणि खुर्च्यांवर बसली. गिटारवादक, गायक, टाळ्या देणारा आणि नर्तिका. हो, तीसुद्धा बसली. ध्वनिक्षेपक नव्हता, निवेदन नव्हतं. माझ्या मते फ्लामेंकोचं मर्म त्या बसण्यात आहे.

प्रकार होता सोलेआ, म्हणजे गंभीर, संथ चालीचा. गिटार थोडी फिरली आणि गायकानं नुसता ‘आय’ लावला. शब्द नाहीत, आवाज कुठं बसतो ते चाचपणं. आवाज खरखरीत, कडेनं फाटलेला. आपल्याकडे कुणी असा गळा घेऊन मंचावर आलं तर यजमान आधी गरम पाणी मागवतील. इथं त्या खरखरीलाच मान आहे. सूर मात्र आपल्या कानाला परका वाटत नाही. रे, ग, ध, नी कोमल, म्हणजे भैरवीचाच थाट. फक्त षड्जावर विसावताना गिटारच्या झंकारात शुद्ध गंधार मिसळतो आणि भैरवीची सवय असलेला कान दचकतो.

या ओळखीच्या सुरांमुळेच आपली माणसं पटकन म्हणतात, ‘हे तर आपलं कथकच!’ जरा दमानं घ्यावं. स्पेनमधले गितानो हे रोमा समाजाचे, आणि रोमांची मुळं भारतात आहेत हे त्यांच्या भाषेवरून पक्कं झालं आहे. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद 1425 ची. पण फ्लामेंको घडला तो आंदालुसियात, तिथल्या लोकगीतांतून, गितानोंच्या लोहारकामाच्या भट्ट्यांपाशी आणि पुढे एकोणिसाव्या शतकातल्या गाण्याच्या कॅफेंत. आज आपण पाहतो ते कथक तर रोमांनी भारत सोडल्यानंतर कितीतरी शतकांनी आकाराला आलं. नातं रक्ताचं आहे, पण नाचाचं सिद्ध झालेलं नाही.

ताल बारा मात्रांचा. एकताल ऐकलेल्याला वाटतं, सापडलं. सापडत नाही. जोर पडतो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे आधी तीन-तीनची लांब पावलं, मग दोन-दोनची आखूड. आपण एकावर सम शोधत राहतो आणि इथं वाक्य दहाव्यावरच मिटतं. उरलेल्या दोन मात्रा श्वासाच्या. हे आवर्तन सगळ्यांच्या अंगात असतं, म्हणून एकत्र तालीम न केलेले कलाकारही एखादी संध्याकाळ उभी करू शकतात.

गाण्याची ओळ सुरू झाली तशी नर्तिका उठली, पण पाय जवळजवळ वाजवलेच नाहीत. हात वर जात होते, मनगटं वळत होती, पाठ ताणली जात होती. ओळ संपते तिथं एकदाच टाचांचा चोख ठोका, दहाव्यावर. गायकाला वाट करून द्यायची, त्याच्या शब्दावर पाय टाकायचा नाही, ही इथली रीत. टाळ्या देणाऱ्याचंही तेच. गाणं चालू असताना तो तळवे पोकळ धरून दबक्या टाळ्या देतो. पाय बोलू लागले की बोटं तळव्यावर कडक वाजवतो. (मागच्या रांगेतली काही पर्यटक मंडळी आपल्या परीनं साथ देत होती. गिटारवादकानं एकदाच वर पाहिलं आणि ती थांबली.)

मग तिनं पायांनी हाक दिली. चढत जाणारे काही ठोके, आणि थांबली. गिटारवादकाला कळलं, गायक गप्प झाला, गिटार एका बारीक आकृतीवर उतरली आणि आता फक्त पाय. बुटाच्या टाचेत आणि चवड्यात खिळे ठोकलेले असतात; त्यामुळे टाच, चवडा, संपूर्ण तळवा यांचे नाद वेगळे ऐकू येतात. लय वाढत वाढत सोलेआ बुलेरीयात शिरली. बाराचंच आवर्तन, पण आता दौडतं. बसलेले तिघं ‘ओले’ म्हणत होते. ही दाद प्रेक्षकांना दाखवण्यासाठी नव्हती, तिला पुढं ढकलण्यासाठी होती.

ही कला बिघडेल ही धास्ती जुनी आहे. 1922 मध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी लोर्का यांनी ग्रानादात अलांब्रामध्ये गायनाची स्पर्धा भरवली आणि व्यावसायिकांना तिच्यापासून दूर ठेवलं, ते याच भीतीपोटी. फ्लामेंको काही बिघडला नाही. पाको दे लुसियानं 1970 च्या दशकात पेरूमधलं काहोन, म्हणजे बसून वाजवायचं खोकं, यात आणलं आणि आज ते जन्मापासून इथलंच असल्यासारखं वाटतं. 2010 मध्ये युनेस्कोनं फ्लामेंकोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ताब्लाओ पर्यटकांसाठी आहे हे खरंच. तिकीट, पेय, तासाभराचा खेळ. म्हणून तिथलं सगळं खोटं असतं असं मला वाटत नाही.

सेव्हिलला गेलात तर पहिल्या रांगेच्या मधल्या खुर्चीसाठी जादा पैसे मोजू नका. तिथून पाय छान दिसतात, पण नर्तिका उभी राहिली की मागचा गायक झाकला जातो. कडेची खुर्ची मागा. तिथून त्याचा चेहरा, तिची पाठ आणि तिच्या टाचांवर खिळलेली गिटारवादकाची नजर हे सगळं एकदम दिसतं.