‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धा : सुकाळातील आणि दुष्काळातील

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. या ग्रंथातील प्रांजळपणाचे आणि विनोदाचे मराठी समीक्षेने मुक्तकंठाने कौतुक केले आहे. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचा ग्रंथ म्हणून तो आपल्याच समाजात क्वचित वाचला जातो. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते, हे त्याचे कारण असू शकेल. मात्र परमेश्वरावरील भरवशाच्या बाबतीत हा ग्रंथ आपणा कॅथोलिकांनाही पुष्कळ शिकवतो.

आपल्याकडील बहुतेक साक्षी एकाच साच्याच्या असतात. संकट येते, प्रार्थना होते, संकट टळते आणि देवाची थोरवी सिद्ध होते. अशा साक्षी खोट्या असतात असे नव्हे. परंतु त्या जेथे संपतात तेथेच अनेकांचा खरा प्रश्न सुरू होतो. खापरसारख्या गावी, अक्कलकुव्याच्या डोंगराळ मुलखात, पावसाने दगा दिला की माणसे पोटासाठी गुजरातेत ऊसतोडीला जातात. ज्याचे लेकरू बरे झाले नाही, त्याने ही साक्ष ऐकून काय समजावे? आपला विश्वास उणा पडला, असेच ना?

लक्ष्मीबाई असा हिशेब मांडत नाहीत. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि या बाईंचा संसार उधळला. पुढील काही वर्षे ताटातुटीची गेली. त्या पतीकडे परतल्या त्याही स्वतःचा धर्म आणि सोवळे सांभाळूनच. पुढे जातिभेदाविषयी स्वतः विचार करून त्यांनी तो मनातून काढून टाकला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. या प्रवासात आकाशवाणी नाही, चमत्कार नाही. आहे तो स्वयंपाकघरात, वादविवादात आणि अश्रूंत हळूहळू झालेला पालट. पतीवरील रागही त्या लपवीत नाहीत. स्तोत्रकर्ता आणि ईयोब देवाशी भांडले म्हणून त्यांची श्रद्धा कमी ठरली नाही; हाच न्याय येथेही लावावयास हवा.

या ग्रंथात भरवशाचे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदतात. टिळकांचा भरवसा कवीचा आहे. हाती आलेला पैसा ते वाटून टाकतात, दुष्काळात अनाथ झालेली मुले घरी आणतात आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन करतात. लक्ष्मीबाईंचा भरवसा गृहिणीचा आहे. आणलेल्या मुलांना रात्री जेवू काय घालावयाचे, हे त्यांनाच पाहावे लागते. पतीच्या उदारपणाची किंमत घर मोजत असते आणि लेखिका ती किंमत वाचकापासून दडवीत नाही. तरीही दार बंद करावे, असे त्या म्हणत नाहीत. देव देईल हे टिळक बोलून दाखवतात. आलेले धान्य सर्वांना पुरवण्याचे काम लक्ष्मीबाई करतात. माझ्या मते दुसरी श्रद्धा पहिलीहून तिळभरही कमी नाही.

सुकाळातील श्रद्धा कशी असते, याचेही उत्तर येथेच मिळते. बऱ्या दिवसांत माणूस देवाला विसरतो, असे आम्ही पुरोहित वारंवार सांगतो. लक्ष्मीबाईंच्या घरी बरे दिवस आले की घरात माणसे वाढतात. मूठ उघडी राहिली, हीच त्यांच्या कृतज्ञतेची खूण.

लेखनशैलीतही हाच भाव उतरला आहे. प्लेग, मृत्यू, दारिद्र्य यांविषयी लिहिताना आणि फजितीचा प्रसंग रंगवताना लेखिकेचे वाक्य सारखेच साधे व छोटे राहते. दुःख आले म्हणून भाषा उंच होत नाही, सुख आले म्हणून ती फुलोऱ्याने सजत नाही. या विनोदाला केवळ स्वभावविशेष म्हणणे अपुरे वाटते. आपले आयुष्य आपल्या एकट्याच्या हाती नाही, हे मनोमन पटल्याशिवाय स्वतःवर असे हसता येत नाही.

ग्रंथाला मर्यादाही आहेत. प्रार्थनेत आपण देवाशी काय बोललो, हे लेखिका फारसे सांगत नाहीत. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यानंतरच्या भागात पूर्वीची रंगत उरत नाही. लक्ष्मीबाई १९३६ साली निधन पावल्या आणि आत्मकथन अपुरेच राहिले. त्यांच्या अंतरंगातील ख्रिस्त पाहू इच्छिणाऱ्या वाचकाची काहीशी निराशा होते. परंतु या संयमामुळेच ग्रंथ उपदेशपर झाला नाही आणि अन्य धर्मीयांनीही तो आपला मानला.

आपल्या साक्षींनी लक्ष्मीबाईंकडून एवढे तरी घ्यावे : प्रार्थनेला मागितलेले फळ आले नाही, तो प्रसंगही लिहावा आणि त्या दिवशी घरात चूल कोणी पेटवली, तेही लिहावे. उसाच्या फडातून परतलेल्या कुटुंबाला त्या पानांत आपली श्रद्धा ओळखता येईल.