‘घडी’चे दोन अर्थ : प्रथिनांच्या संगणकीय प्रतिमानांची चिकित्सा

प्रास्ताविक :

मराठीत ‘घडी’ म्हणजे वस्त्राची दुमड, तसाच ‘घडी’ म्हणजे काळाचा एक भाग. प्रथिनांच्या संगणकीय अभ्यासाचे मूल्यमापन करताना हे दोन्ही अर्थ लक्षात घ्यावे लागतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना डेव्हिड बेकर यांच्यासमवेत २०२४ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. तेव्हापासून ‘प्रथिनांच्या घडीचे कोडे सुटले’ हे विधान वर्गात आणि लेखनात सर्रास आढळते. वास्तविक या दोघांचा गौरव रचनेच्या भाकितासाठी झाला आहे. घडी पडण्याच्या प्रक्रियेसाठी नव्हे.

विवेचन :

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी होय. ती विशिष्ट आकारात दुमडली म्हणजे बहुधा कार्यक्षम होते. या साखळीला कोणते कोन शक्य आहेत, हे जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रास येथे दाखवून दिले. शंभर अमिनो आम्लांच्या साखळीत प्रत्येकाला तीनच स्थिती मानल्या तरी एकूण शक्यता ५ वर ४७ शून्ये इतक्या होतात. असे असूनही अनेक प्रथिने सेकंदापेक्षाही कमी वेळात दुमडतात. सायरस लेव्हिंथल यांनी १९६९ मध्ये मांडलेला विरोधाभास तो हाच.

या प्रश्नाकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. रेणवीय गतिकीत प्रत्येक अणूवरील बल काढून त्याला फेम्टोसेकंदाच्या पावलाने पुढे नेले जाते. मॅकॅमन, गेलिन व कारप्लस यांनी १९७७ मध्ये ५८ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनाची हालचाल दहा पिकोसेकंदांहूनही कमी काळ पाहिली. त्याच प्रथिनाचा सुमारे एक मिलिसेकंदाचा प्रवास २०१० मध्ये ‘अँटन’ या खास संगणकावर पाहता आला. त्यासाठी शेकडो अब्ज पावले लागली. दुसरा मार्ग ‘अल्फाफोल्ड’चा. प्रयोगाने निश्चित झालेल्या रचनांवरून शिकून तो अंतिम आकार सांगतो. २०२२ पर्यंत असे वीस कोटींहून अधिक आकार सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाले. ही उपलब्धी थोर आहे. तथापि तीत पहिली घडी आहे, दुसरी नाही. आकार कोणत्या वाटेने आला, किती वेळात आला आणि कोणत्या तापमानाला मोडेल, हे त्या चित्रातून कळत नाही.

बारामती-इंदापूर परिसरात हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. बारामतीजवळील माळेगाव येथे २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. उष्णता, अवर्षण व क्षारता हे तिच्या अभ्यासाचे विषय आहेत. उन्हाळ्यात पिकाला बसणारा ताण अंशतः प्रथिनांची घडी विस्कटण्याचा ताण असतो. प्रकाशसंश्लेषणातील रुबिस्को ॲक्टिव्हेज हे प्रथिन उष्णतेने लवकर निकामी होते; उष्माघात-प्रथिने विस्कटलेल्या घड्या पुन्हा बसविण्यास साहाय्य करतात. येथे प्रश्न आकाराइतकाच काळाचा व तापमानाचाही आहे.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील काही विद्यार्थी-प्रकल्पांत मात्र एक स्थिर चित्र उतरवून त्यावरच निष्कर्ष काढलेला दिसतो. चित्रातील कमी विश्वासार्ह भाग रंगाने दाखविलेले असतात, त्यांचीही दखल घेतली जात नाही. साधनांची उणीव हे कारण पूर्णतः पटत नाही. ‘ग्रोमॅक्स’सारखी प्रणाली विनामूल्य आहे आणि लहान प्रथिनाचा अल्पकालीन अभ्यास साध्या संगणकावरही होऊ शकतो. मोठ्या गणनेसाठी पुण्यात आयसरमध्ये २०१९ पासून ‘परम ब्रह्म’ महासंगणक आहे. परंतु तेथपर्यंत जाण्याआधी योग्य प्रश्न विचारता आला पाहिजे.

निष्कर्ष :

१) रचनेचे भाकीत आणि घडी पडण्याची प्रक्रिया हे भिन्न प्रश्न असून पहिल्याच्या उत्तराने दुसरा सुटत नाही.

२) रेणवीय गतिकीची प्रतिमानेही बलांच्या अंदाजावर आधारलेली असतात, त्यांना प्रयोगाची जोड अनिवार्य आहे.

३) विद्यार्थी-प्रकल्पांत तापमान, कालावधी, पुनरावृत्ती व विश्वासार्हता यांची नोंद आवश्यक मानली जावी.

घडी बसलेली दिसली, म्हणजे ती कशी बसली हे कळले असे नव्हे. आपल्या अध्यापनात हा विवेक यावा, एवढीच अपेक्षा.