झाशीचा किल्ला आणि ‘माझा प्रवास’ : एका युद्धस्थळाची दोन वाचने

युद्धाच्या खुणा अंगावर वागवणारे ऐतिहासिक स्थळ ही एक संहिताच असते. आणि प्रत्येक संहितेप्रमाणे तिचेही संपादन झालेले असते. काय दाखवावे व काय गाळावे, हे प्रेक्षक येण्यापूर्वीच ठरलेले असते. झाशीच्या किल्ल्यातील हे गाळलेले पान विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाच्या साहाय्याने वाचता येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ओरछाच्या वीरसिंह देवाने १६१३ साली बांधलेल्या या किल्ल्यात ‘कडक बिजली’ तोफ, गुलाम गौस खान, खुदाबक्ष व मोतीबाई यांचे दफनस्थान आणि राणी लक्ष्मीबाईंनी घोड्यासह उडी घेतली असे सांगितले जाते ती जागा दाखवली जाते. ही मांडणी वीरकथेची आहे. मार्च १८५८ मधील सर ह्यू रोजचा वेढा, ३ एप्रिलचा निर्णायक हल्ला आणि त्यानंतर रात्रीच्या अंधारात राणींचे निर्गमन, या क्रमाने जाणारा प्रेक्षक राणींबरोबरच तटाबाहेर पडतो. शहर मात्र मागे राहते.

गोडसे नेमके त्या मागे राहिलेल्या शहरात आहेत. दक्षिणेच्या आशेने १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक झाशीची कत्तल आतून पाहतो. घराघरांतील शोध, विहिरींत उड्या टाकणारी माणसे, आधी मौल्यवान वस्तूंची व मग भांडीकुंडी आणि कपड्यांची लूट, ग्रंथालयाचा विध्वंस हे सारे तो निवेदन करतो. त्याच्या शैलीत आवेश नाही. भीती, भूक आणि जिवाची चिंता आहे. म्हणूनच ती वीरकथेला आवश्यक अशी पूरक साक्ष ठरते.

या साक्षीला मर्यादा आहेत. लेखन घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, स्मरणाच्या आधारे झाले. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. त्यामुळे प्रत्येक तपशील पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही. तसेच निःशस्त्रांच्या मृत्यूचा विचार करायचा तर ८ जून १८५७ रोजी जोखनबागेत मारल्या गेलेल्या युरोपीय स्त्रिया व मुलांनाही वगळता येणार नाही. एका बाजूची कत्तल दुसरीचे समर्थन ठरत नाही.

राणींच्या शौर्याचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट, ज्या प्रजेसाठी तो लढा होता तिची किंमत कळल्यावाचून त्या शौर्याचा अर्थ अपुरा राहतो. आपल्या महाविद्यालयांच्या अभ्याससहली झाशीस जातात तेव्हा विद्यार्थ्यांनी तटावर चढण्यापूर्वी शहराच्या गल्ल्यांतून चालावे आणि गोडसे यांची ती प्रकरणे वाचलेली असावीत. ज्यांच्या नावे तोफही नाही आणि शिळाही नाही, त्यांचे स्मारक सध्या तरी ही मराठी पाने आहेत.