बेन होगनचे पाच धडे : हाताने वाचावयाचे पुस्तक

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील मैदानाचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. तरीही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना नाशिककर 'गोल्फ क्लब'च म्हणतो. तेथे रणजी करंडकाचे सामने झाले, सकाळ-संध्याकाळ माणसे फेऱ्या मारतात. गोल्फची मात्र खूणही उरलेली नाही. साहेब गेला, त्याचा खेळ गेला, नाव तेवढे मागे राहिले. अशा गावच्या वाचकाने गोल्फच्या एका जुन्या पाठ्यपुस्तकात डोके का घालावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की हे पुस्तक गोल्फपेक्षा मोठ्या प्रश्नाला हात घालते : शरीराने शिकावयाची विद्या छापील पानावरून शिकता येते काय? पेटीवर सूर धरणे असो, पोहणे असो किंवा प्रार्थनेला बसणे असो, आपल्या घरांतून हा प्रश्न रोज उभा राहतो.

पुस्तक आहे बेन होगन यांचे 'पाच धडे'. अमेरिकेतील 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकात ते १९५७ साली पाच हप्त्यांनी आले आणि त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाले. शब्द जुळविण्यास हर्बर्ट वॉरन विंड हे जाणते लेखक साहाय्याला होते. चित्रे अँथनी राविएली यांची. होगन यांचा जन्म १९१२ चा, टेक्सासमधला. वडील लोहार, मुलगा नऊ वर्षांचा असताना त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. पुढे हा मुलगा पैशांसाठी श्रीमंतांच्या काठ्यांची पिशवी वाहू लागला, म्हणजे कॅडी झाला, आणि पाहून पाहून, चुकून चुकून खेळ शिकला. फेब्रुवारी १९४९ मध्ये धुक्यात त्यांच्या मोटारीवर समोरून बस आदळली. पत्नीला वाचविण्यासाठी त्यांनी तिच्या अंगावर झेप घेतली. त्यांचे ओटीपोटाचे हाड, गळ्याचे हाड, घोटा मोडला. सोळा महिन्यांनी, पायांना पट्ट्या गुंडाळून, त्यांनी मेरियन येथे अमेरिकन ओपन स्पर्धा जिंकली. ज्याला आपले शरीर पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले, अशा माणसाचे हे पुस्तक आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

पहिला धडा केवळ पकडीचा. चेंडू नाही, मैदान नाही. दोन हात आणि एक दांडा. कोणते बोट कोठे टेकावे, दाब कोणत्या बोटांचा असावा, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच कोणत्या दिशेला रोखलेली असावी, याचे बारीक वर्णन पानेच्या पाने चालते. दुसरा धडा पवित्र्याचा : उजवे पाऊल रेषेला काटकोनात, डावे किंचित बाहेर वळलेले, दोन्ही कोपरे जणू दोरीने जवळ बांधलेली. तिसऱ्यात काठी मागे नेणे, चौथ्यात ती खाली आणणे, पाचव्यात उजळणी. चेंडूपासून खांद्यांपर्यंत एक मोठी तिरकी काच टेकविली आहे, तिच्यातील भोकातून आपले डोके बाहेर आले आहे, आणि काठी मागे नेताना ती काच फुटता कामा नये, ही राविएली यांनी रेखाटलेली कल्पना ज्याने एकदा पाहिली तो ती विसरणार नाही. काळ्या पृष्ठावर ओरखडे काढून केलेली ही चित्रे छायाचित्रांहून अधिक सांगतात, कारण छायाचित्र सगळेच दाखविते आणि चित्रकार हवे तेवढेच. स्नायूंची ओढ, दाबाची जागा, वळणाची दिशा येथे डोळ्यांना स्पष्ट दिसते. माझ्या मते या ग्रंथाचे अर्धे यश राविएली यांच्या पदरात टाकले पाहिजे.

मराठी वाचकाला या पुस्तकात एक अनपेक्षित आनंद मिळतो. चेंडूला भिडण्याच्या क्षणी डाव्या मनगटाचे काय होते, हे सांगण्यासाठी होगन यांना वैद्यकातील जड लॅटिन शब्द आणावा लागतो आणि मग तो समजावण्यात बरीच शाई खर्ची पडते. आपल्याकडे मूल बोलू लागते तेव्हापासून त्याला 'पालथा' आणि 'उताणा' हे शब्द ठाऊक असतात. मनगट पालथ्याकडून उताण्याकडे वळू लागते, एवढे म्हटले की झाले. 'पकड' आणि 'पवित्रा' आखाड्याने दिले, 'टोला' विटी-दांडूने दिला. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले, ते या शब्दभांडाराच्या जोरावरच. मराठीत शरीराविषयी लिहिता येत नाही ही तक्रार, म्हणूनच, मला आळसाची वाटते.

आता दोषांकडे वळतो. पहिला दोष चित्रांचाच. समोरून काढलेल्या आकृतीत शिकणाऱ्याला आपला डावा हात उजवीकडे दिसतो. लेकराला क्रुसाची खूण शिकविताना हे प्रत्येक आईने अनुभवले असेल. ती समोर बसून उजवा हात कपाळाला लावते, आणि ते पोर आरशाप्रमाणे डावा हात उचलते. मग आई त्याच्या मागे जाते, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेते आणि कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा फिरविते. पुस्तकाला मागे जाता येत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. होगन यांना तरुणपणी एका व्याधीने छळले होते : त्यांचा चेंडू जोराने डावीकडे वळून भरकटत असे. त्यावर त्यांनी अनेक वर्षे खपून उपाय शोधला, त्यात पकड सैलसर वळविणे हा एक. त्या व्याधीवर तो रामबाण ठरला. परंतु नवशिक्यांपैकी बहुसंख्यांचा आजार नेमका उलटा असतो, त्यांचा चेंडू उजवीकडे पळतो. त्यांनी हीच मात्रा घेतली तर रोग वाढावयाचा. होगन मात्र आपल्या उपायाला 'मूलतत्त्व' म्हणतात, आणि साधारण अंगकाठीच्या कोणाही माणसाला या धड्यांच्या बळावर ऐंशीच्या आत फेरी संपविता येईल, असे आश्वासन देतात. आपल्या औषधाची चिठ्ठी सर्वांच्या हाती देणारा वैद्य प्रामाणिक असू शकतो. तो चांगला वैद्य असेलच असे नाही.

येथे दक्षिण आफ्रिकेतील पापवा सिवगोलम यांची आठवण करणे भाग आहे. डर्बनच्या हिंदी मजूरवंशातील हा कॅडी, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते, काठी उलट्या हातांनी धरीत असे, म्हणजे डावा हात खाली आणि उजवा वर. होगनच्या पहिल्या धड्यातील पहिलीच आज्ञा त्याने मोडली होती. तरी डच ओपन स्पर्धा त्याने १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा जिंकली. १९६३ मध्ये नाताळ प्रांताची ओपन स्पर्धा जिंकल्यावर, हिंदी माणसाला क्लबच्या इमारतीत प्रवेश नसल्यामुळे, त्याला करंडक बाहेर पावसात स्वीकारावा लागला. एका अपवादाने नियम खोटा ठरत नाही, हे मी जाणतो. परंतु ज्याला 'मूलतत्त्व' म्हणावयाचे त्याच्यावाचून कोणी तीनदा विजयी होत असेल, तर त्या शब्दाचा पुन्हा विचार करावयास हवा.

या पुस्तकाशेजारी मला एक दुसरे पुस्तक ठेवून पाहावेसे वाटते. संत इग्नाती लोयोलाकर यांच्या 'आध्यात्मिक साधना' १५४८ साली पोप पॉल तिसरे यांच्या मान्यतेने छापल्या गेल्या. तेही अभ्यासाचे पुस्तक; त्याच्या पहिल्याच टिपणात चालणे, धावणे अशा शारीरिक व्यायामांची उपमा आहे. तेही एका मोडलेल्या शरीराच्या माणसाचे. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्यांचा पाय निकामी केला होता. कादंबरीसारखे एका बैठकीत वाचू गेल्यास ते रूक्ष वाटते, अगदी होगनच्या पकडीच्या धड्याइतके. परंतु इग्नाती यांनी ते लिहिले ते प्रामुख्याने साधना करविणाऱ्यासाठी. मार्गदर्शकाने थोडक्यात सांगावे, कारण साधकाला स्वतः गवसलेले अधिक गोड लागते, असे ते दुसऱ्या टिपणात सुचवितात. आणि अठराव्या टिपणात बजावतात की साधकाचे वय, शिक्षण व कुवत पाहून साधना बेतावी, झेपणार नाही ते त्याच्यावर लादू नये. येशूसंघीय फादरांच्या तपसाधनेला बसलेल्यांना याचा अर्थ सांगावयास नको. होगनच्या ग्रंथात हे अठरावे टिपण नाही, ही त्याची खरी उणीव होय. तेथे शिक्षक आहे, पण समोरचा शिष्य कोण याची चौकशी नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. १९५५ साली 'लाइफ' साप्ताहिकात होगन यांनी आपले 'गुपित' जाहीर केले होते. काठी वर नेताना डाव्या मनगटाला द्यावयाचा एक विशिष्ट बाक. दोन वर्षांनी आलेल्या या ग्रंथात त्याचा पत्ता नाही. सामान्य खेळाडूला ते अपायकारक ठरेल असे त्यांचे मत होते, ते मान्य केले तरी कोणाला काय सोसेल याचा विवेक त्यांना होता, एवढे त्यावरून दिसते. मग तोच विवेक पकडीच्या बाबतीत का दाखविला नाही?

इतके बोलूनही पुस्तक बाजूला ठेववत नाही. चेंडूला हात लावण्यापूर्वी दिवसचे दिवस नुसती पकड घोटा, असे सांगण्याचे धैर्य किती लेखकांना असते? विकल्या जाणाऱ्या बहुतेक 'स्वयंशिक्षकां'त पहिल्याच पानावर गाणे वाजविण्याचे आमिष असते. होगन यांनी वाचकाकडे वेळ मागितला आणि बदल्यात भाषेची स्वच्छता दिली. कोणी हे मराठीत आणणार असेल तर माझी सूचना एवढीच : पालथा-उताणा हे शब्द वापरावेत, डाव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी चित्रे उलटी करून छापावीत, आणि पहिल्या धड्याच्या आधी एक पान घालून वाचकाला विचारावे, की बाबा रे, तुझा चेंडू कोणत्या बाजूला जातो?