मित्र की मित्रा?

शाळेत मी व्याकरण शिकवतो, म्हणून विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाच्या नावापाशीच मी थबकतो. ‘मित्राची’ हे रूप मित्र या पुल्लिंगी शब्दाचेही होते, अन् मित्रा या मुलीच्या नावाचेही. व्याकरण देते ती मुभा समाज देत नाही. कॉलेजच्या नाटकात सुमित्रा पुरुषाची भूमिका करते, तेव्हा कुणाचे काही बिघडत नाही. तीच पुरुषी ऐट, नमावरच्या प्रेमासह, रंगमंचाबाहेर टिकली की ती एकाकी पडते. बालगंधर्वांच्या शालूवर लुब्ध झालेले आपण रसिक इथे मात्र बिचकतो. ही ऐट सोंग नव्हे, स्वभाव आहे, हे तेंडुलकरांनी जाणले; तथापि बापूच्या कणवेतून दिसणाऱ्या मित्राला त्यांनी अखेर मरणच दिले. अशी बाई ताठ मानेने म्हातारी झालेली मला रंगभूमीवर पाहायची आहे.